नऊ कळा

गेल्या दिवाळीची गोष्ट. वसुबारसेचा आदला दिवस. सौ. चकल्यांच्या सोऱ्याशी झुंजत होती आणि ह्या सदराचा दिवाळी मजकूर वेळेत जातो की नाही ह्या विवंचनेत मी टेबलाशी बसलो होतो. इतक्यात दारावरची घंटा वाजली आणि कुरियरवाल्या पोराने एक पुडके माझ्या हाती ठेवले. नाव चिरंजिवांचे होते. आकाराने पुडके आमच्या वडिलांच्या पानाच्या डब्याएवढे, पण हाताला चांगले जड लागले.

चिरंजीव बारावीत. दार वाजले तर एरवी तिसऱ्या हाकेलाही जागचे हलत नाहीत. त्या दिवशी मात्र जिना तीन उड्यांत उतरून खाली आले. कात्रीने पुडके उघडले आणि आतून काळ्या धातूची एक ठोकळेवजा पेटी निघाली. तीन ओळींत तीन-तीन अशा नऊ चौकोनी कळा, आणि कोपऱ्यात जुन्या रेडिओला असे तशी एक गोल खुंटी.

"हे काय आहे?" मी विचारले.

"कीपॅड, बाबा. मेकॅनिकल. प्रोग्रॅम करता येतो."

"अरे, पण घरात एक कळफलक आहे ना? चांगला एकशे चार कळांचा."

"त्यावर कुठली कळ काय करणार ते दुसऱ्यानं ठरवलंय. ह्यावर मी ठरवणार."

सतराव्या वर्षी माणसाला ह्यापेक्षा अधिक काय हवे असते! आजीने दोन दिवाळ्यांना दिलेले पैसे त्याने ह्यासाठी साठवले होते, हे मागाहून कळले. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, अभ्यासाला उपयोग आहे का त्याचा, तेवढं विचारा." मी विचारले नाही. उत्तर मला ठाऊक होते.

मराठी शिकवणाऱ्याला एक खोड जडते. वस्तू घरात आली की तिच्या उपयोगाआधी तिचे नाव त्याच्या डोक्यात घोळू लागते. 'की'ला आपण 'कळ' म्हणतो हे केवढे सोयीचे आणि केवढे गैरसोयीचे! कळ दाबली की दिवा लागतो. पोटात येते तीही कळच. बाळंतिणीच्या कळा निराळ्या. दोघांत भांडण जुंपून द्यायचे तर माणूस कळ लावतो, मुले एकमेकांची कळ काढतात, आणि वडीलधारी माणसे आपल्याला 'जरा कळ काढ' म्हणून थांबायला सांगतात. म्हणजे खोडी काढायलाही कळ आणि सोसायलाही कळच. त्या नऊ चौकोनांकडे पाहून हे सगळे अर्थ एकामागून एक मनात आले. त्यांतले निम्मे तरी पुढे खरे ठरतील असे मात्र तेव्हा वाटले नव्हते.

रात्री वरच्या खोलीतून टक् टक् टक् असा आवाज येऊ लागला आणि मी एकदम १९९६ सालात जाऊन पडलो.

आमची शाहूपुरी ही शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली पेठ. स्टेशन हाकेच्या अंतरावर, आखीव गल्ल्या, गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. माझ्या लहानपणी ह्या गल्ल्यांत सकाळी दोन आवाज हमखास ऐकू येत, एक हातगाड्यांचा आणि दुसरा टायपिंगच्या क्लासचा. वडिलांचे म्हणणे असे की बी.ए. होऊन मास्तरकी मिळाली नाही, तर कुठेतरी कारकुनी तरी मिळावी. तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत माझी रवानगी क्लासात झाली. एका लांबट खोलीत भिंतीला लागून बारा यंत्रे आणि मधून हातात लाकडी पट्टी घेऊन फिरणारे मास्तर. मराठी टंकयंत्र म्हणजे एक विलक्षण प्रकरण होते. देवनागरीची सगळी अक्षरे त्या चार ओळींत मावणार कशी? म्हणून कितीतरी अक्षरे अर्धीच ठेवलेली असत. अर्धा भ मारायचा, मग काना मारायचा, की झाला भ. ध, श, ण ह्यांचीही तीच तऱ्हा. करंगळीला तर इतके बळ लावावे लागे की संध्याकाळी जेवताना भाताचा घास सुटून पडे. मास्तर म्हणत, "करंगळी दुखते म्हणजे बरोबर चाललंय." मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा मी दिली. उत्तीर्ण झालो. एवढी कष्टाची परीक्षा पुढे एम.ए.लाही वाटली नाही.

ती यंत्रे आता गेली. १९५५ साली गोदरेजने हिंदुस्थानात पहिले टंकयंत्र बनवले आणि २००९ साली बनवणे थांबवले. परीक्षाही पुढे संगणकावर गेल्या. आमच्या गल्लीतल्या त्या खोलीत आज मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. पण आवाज तोच हो! घरातल्या नेहमीच्या कळफलकाच्या कळा रबरी गादीवर मुक्याने बसतात. ह्या पेटीतली प्रत्येक कळ मात्र आपण दाबली गेल्याचे तोंडाने सांगते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अभ्यंगस्नानाची चर्चा सोडून मी चिरंजिवांकडून त्या पेटीची शिकवणी घेतली. मुलाकडून शिकण्यात एक सुख असते, आणि मुलाला ते सुख आपल्याहून अधिक होते. त्याने चिमट्याने एक कळ उपटून दाखवली. आत एक नखाएवढी डबी, तिच्यात स्प्रिंग आणि दोन पितळी ओठ. ही रचना मूळची जर्मनीच्या चेरी कंपनीची, १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. कंपनीचे पेटंट संपले आणि चिनी कारखान्यांनी तशाच डब्या काढल्या, म्हणून आज त्या पोराटोरांच्या खिशाला परवडतात. डब्यांना रंगांवरून ओळखतात. निळी दाबली की टक् वाजते, तपकिरी वाजत नाही पण अर्ध्या वाटेवर बोटाला एक उंचवटा लागतो, आणि तांबडी सरळ लोण्यासारखी खाली जाते. कळ चार मिलिमीटर खाली जाऊ शकते, पण दोन मिलिमीटरवरच काम होऊन जाते. उरलेले दोन आपल्या हौसेचे. एक डबी पाच कोटी वेळा दाबली तरी टिकते असा बनवणाऱ्यांचा दावा आहे. (आमच्या मास्तरांच्या यंत्रांचा 'अ' दोन वर्षांत झिजे.)

मला सर्वांत आवडली ती ह्यातली एक बारीक गोष्ट. ते दोन पितळी ओठ एकमेकांना टेकतात तेव्हा एकदाच टेकून थांबत नाहीत. टाकलेला चेंडू जसा लहान लहान उड्या मारीत स्थिरावतो तसे काही सहस्रांश सेकंद थरथरतात. पेटीतल्या चिमुकल्या संगणकाला ती प्रत्येक थरथर म्हणजे कळ पुन्हा दाबली असेच वाटेल, आणि आपण 'कमळ' लिहायला जावे तर 'कककमळ' उमटेल. म्हणून त्याला शिकवून ठेवलेले असते की पहिला स्पर्श झाला की पाचएक सहस्रांश सेकंद दम धर, मग ठरव. कळ काढणे म्हणतात ते हेच!

आणि दुसरी गोष्ट कळली ती अशी की कळफलकाला अक्षर मुळी येतच नाही. आपण 'ए' दाबतो तेव्हा तो संगणकाला नुसता '४' हा आकडा पाठवतो, 'बी'ला ५. त्या चाराचे काय करायचे ते संगणक ठरवतो. इंग्रजी लावलेली असेल तर 'ए' उमटतो. इनस्क्रिप्ट ही भारत सरकारने १९८६ साली ठरवलेली देवनागरीची मांडणी लावलेली असेल, तर त्याच चारातून ओकाराची मात्रा निघते. म्हणजे आपली लिपी बोटांत नाही, कळीतही नाही. आकडा आणि अक्षर ह्यांच्या मधल्या एका अदृश्य तक्त्यात आहे. जुन्या बाजारपेठांतून अडते रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. बोटांचा अर्थ बोटांत नसे, दोघांच्या ठरावात असे. त्यातलाच हा प्रकार.

चिरंजिवांना पेटी हवी होती ती खेळासाठी. संगणकावरच्या लढाईच्या खेळांत डाव्या हाताची बोटे डब्ल्यू, ए, एस, डी ह्या चार कळांवर ठेवून माणूस पुढे-मागे-आजूबाजूला पळवतात. ही पद्धत रूढ झाली ती 'थ्रेश' ह्या टोपणनावाने खेळणाऱ्या डेनिस फाँग नावाच्या अमेरिकन तरुणामुळे. त्याने १९९७ साली 'क्वेक' ह्या खेळाची स्पर्धा जिंकून बक्षीस म्हणून फेरारी मोटार मिळवली. हा इतिहास मला पाठ झाला ह्याचे कारण, तो मला जेवताना तीनदा ऐकवण्यात आला. फेरारीचा उल्लेख दर वेळी सौ.कडे पाहून होत असे.

सौ.वर त्याचा परिणाम उलटा झाला. तुळशीचे लग्न उरकले त्याच रात्री चाचणी परीक्षेचे गुण कळले आणि पेटी जप्त झाली. जप्तीचा माल ठेवायला कपाटाची चावी माझ्याकडे दिली गेली. इथेच कळीचा नारद शिरला म्हणायचा.

कारण मलाही त्या पेटीची गरज होती. ती का, हे सांगायचे तर एक जुनी फजिती सांगावी लागते. आमच्या महाविद्यालयात एक मोठा समारंभ होता. शेवटी जेवण, तांबडा-पांढरा रस्सा वगैरे यथासांग. सूचना लिहायचे काम मराठी विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे आले. मला लिहायचे होते : 'आचाऱ्यांनी सकाळी सहा वाजता मागील दाराने यावे व आपापली भांडी बरोबर आणावीत.' घाईत मी 'आचार्यांनी' असे लिहिले आणि ते तसेच फलकावर लागले. आता पीएच.डी.ला आपण आचार्य पदवी म्हणतो. आमच्याकडे असे आचार्य नऊ. त्यांतले एक गृहस्थ खरोखरीच हातात स्टीलचे ताट घेऊन मागल्या दाराशी उभे राहिले आणि पुढे महिनाभर मला तिथूनच नमस्कार करीत राहिले.

हा जो रफार आणि तो जो आडवा अर्धा र, ह्यांत मराठीचा जीव अडकलेला आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हिंदीला ह्या आडव्या र ची गरज नाही, म्हणून हिंदीच्या पाठीवर बसून येणाऱ्या मांडण्यांत तो कुठेतरी कोपऱ्यात असतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी, मग पुढचे अक्षर, असा तीन पायऱ्यांचा जिना चढावा लागतो. 'ॲ'ची कथाही अशीच. युनिकोडमध्ये त्याला स्वतःचे घर मिळाले ते २००८ साली. तोवर तो अ च्या डोक्यावर चंद्र ठेवून भाड्याने राहत होता. शिवाय माझ्या उजव्या मनगटात दोन वर्षांपासून कळ येते. डॉक्टरांनी टंकलेखन कमी करा म्हणून सांगितले आहे. ह्या सल्ल्याने एक तर मनगट वाचेल किंवा नोकरी.

तेव्हा मी जप्त माल कपाटातून काढला, आणि अभ्यासाच्या मधल्या सुट्टीत, आईला न सांगण्याच्या अटीवर, मुलाकडून तो माझ्यासाठी लावून घेतला. ज्याची वस्तू जप्त केली त्याच्याच हातून ती स्वतःसाठी बसवून घ्यायची, ह्याला न्याय म्हणत नाहीत हे मला तेव्हाही कळत होते. तो मात्र खुशीत होता. त्याने एक मजेदार युक्ती केली. आपल्या कळफलकावर वरच्या ओळीत एफ-१ ते एफ-१२ अशा बारा कळा असतात. पण यंत्राच्या नियमावलीत त्या चोवीस आहेत! जुन्या आयबीएमच्या टर्मिनलांवर चोवीस असत, ती वहिवाट आकड्यांच्या तक्त्यात शिल्लक राहिली. आपल्या वर्णमालेत 'ऌ' कसा एका 'क्ऌप्ती'च्या जिवावर अजून नांदतो, तसेच हे. एफ-१३ ते एफ-२४ ह्या कळा घरगुती फलकांवर सहसा नसतात, म्हणून त्या दुसऱ्या कशाशी भांडत नाहीत. त्याने माझ्या नऊ कळांना त्या बिनमालकीच्या कळांचे क्रमांक दिले, आणि ऑटोहॉटकी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमला बजावले की एफ-१३ आली की हे लिही, एफ-१४ आली की ते लिही. एक अक्षर लिही म्हटले तर अक्षर लिहील, पानभर लिही म्हटले तर पानभर.

ह्या 'पानभर'नेच घात केला.

पहिल्या तीन कळा मी प्रामाणिकपणे वापरल्या : आडवा र, ॲ, ज्ञ. चौथीवर महाविद्यालयाचा पत्ता. पाचवीवर आजची तारीख. सहावीवर 'आपले पत्र मिळाले. मजकूर समजला' वगैरे कार्यालयीन ठसा. आठवी आणि नववी संदर्भांच्या याद्यांसाठी. खुंटी फिरवली की पान वर-खाली सरके. आणि सातवीवर मी एक अभिप्राय भरून ठेवला : 'विषयाची निवड चांगली. मांडणी अधिक नेटकी हवी. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. लेखनात स्वतःचे अनुभव यायला हवेत.' गेली वीस वर्षे पहिल्या वर्षाच्या निबंधांवर मी हेच लिहीत आलो आहे. हाताने लिहीत होतो तेव्हा निदान क्रम बदले.

जानेवारीत बी.ए. पहिल्या वर्षाचे निबंध आले. विषय : 'माझ्या परिसरातील एक व्यवसाय'. मुले हाताने लिहितात, पानांचे फोटो काढून महाविद्यालयाच्या संगणकप्रणालीवर चढवतात आणि आपण खालच्या चौकटीत अभिप्राय टंकायचा. निबंध ६८. विद्यापीठाला गुण कळवायची मुदत दुसऱ्या दिवशी. पहिले वीस-बावीस मी नीट वाचले. मग मनगट बोलू लागले, घड्याळही. पुढचे चाळले. शेवटी शेवटी तर पान उघडायचे, अक्षर बघायचे, गुण द्यायचा, सातवी कळ. टक्. पान, गुण, टक्. रात्री साडेबाराला काम संपले. झोप छान लागली.

चार दिवसांनी तास संपल्यावर एक मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. कागल तालुक्यातली, रोज एस.टी.ने येणारी, मागच्या बाकावरची. वर्षभरात तिने वर्गात तोंड उघडल्याचे मला आठवत नव्हते.

"सर, एक विचारू का?"

"विचार की."

"माझ्या निबंधात अनुभव यायला पाहिजे होता म्हणून लिहिलंय तुम्ही. कुठला यायला पाहिजे होता?"

आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होती. पुढच्या वेळी तो घालायचा म्हणून. मी म्हणालो, "पुन्हा एकदा बघतो हं." वीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला एवढी वाक्ये कळीशिवायही येतात.

घरी येऊन तिचा निबंध उघडला. सात पाने. मथळा 'आमचं गुऱ्हाळ'. मी जिथे सातवी कळ दाबली होती तिथे हे होते.

आजोबांनी घातलेले गुऱ्हाळ. चुलवाणात चिपाडे सारायला बसणाऱ्या माणसाच्या भुवया कायमच्या जळलेल्या असतात, हे तिने लिहिले होते. उसाचा रस काहिलीत उकळू लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस त्यात घालतात, मग मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढायची, कशी, तेही. त्यांच्याकडचा गुळव्या घड्याळ वापरीत नसे. बुडबुड्यांचा आकार बघे, मग एक थेंब पाण्यात सोडून बोटांत वळे. गोळी कडक झाली की हात वर. त्याचा हात वर गेला की आठ माणसे एकदम पळत. लहानपणी तिला वाटे, बाबांपेक्षाही तो मोठा माणूस. मग तो म्हातारा झाला. त्याच्या मुलाने कारखान्यात काम धरले. हंगामाला माणसे मिळेनात, दर कुठल्या वर्षी कसा पडेल त्याचा भरवसा नाही, आणि ऊस साखर कारखान्याला घातला की निदान हिशेब तरी कागदावर येतो. वडिलांनी दोन वर्षांपूर्वी गुऱ्हाळ मोडले. काहील वजनावर विकली. भंगारवाला येण्याच्या आदल्या रात्री आई कंदील घेऊन गेली आणि काहिलीच्या बुडाशी चिकटून राहिलेला गूळ तिने उलथन्याने खरवडून आणला. तो डब्यात अजून आहे, लिहिले होते, आई कुणाला देत नाही.

शाहूपुरीत माझा जन्म गेला. गुळाच्या पेठेत. गूळ कसा होतो हे मला असे कुणी सांगितले नव्हते.

शुद्धलेखनाच्या चुका होत्या. 'गुऱ्हाळ' मात्र तेवीस ठिकाणी होते आणि तेवीसही ठिकाणी आडवा र बरोबर काढलेला होता.

रात्री मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर चिरंजीव ओट्याशी उभे राहून गणिते सोडवीत होते. बसून झोप येते म्हणून. चेहरा बघून त्याने विचारले आणि मी सांगून टाकले. माणूस कबुलीजबाब देतो तो बहुधा चुकीच्या माणसापाशी आधी देतो.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "बाबा, हे आमच्याकडं चालत नाही."

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"गेममध्ये." मग त्याने समजावून सांगितले. 'काउंटर-स्ट्राइक २' हा खेळ चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले की पळता पळता थांबण्याच्या, उडी मारण्याच्या ज्या हालचाली खेळाडूने स्वतः बोटांनी साधायच्या असतात, त्या कुणी यंत्राकडून आपोआप करून घेत असेल तर त्याला चालू सामन्यातून बाहेर काढण्यात येईल. महागडे कळफलक बनवणाऱ्यांनी तशी सोय आपल्या यंत्रांत आधीच भरून विकली होती, तिलाही माफी नाही. "एका दाबात चार कामं करायची नाहीत. प्रत्येक काम आपण केलं पाहिजे. नाहीतर समोरचा खरा खेळतोय आणि आपण नाही."

"मग मला काय शिक्षा?"

"किक," तो म्हणाला, आणि पुन्हा गणिताकडे वळला. आतल्या खोलीतून सौ. म्हणाली, "पेटी कपाटात होती ना हो?" तेही त्याच रात्री उघडकीला आले.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला प्राध्यापक कक्षाच्या व्हरांड्यात गाठले. काय बोलायचे ते घोकून गेलो होतो. त्यातले काही आठवले नाही. म्हणालो, "तुझा निबंध मी तेव्हा वाचला नव्हता. काल वाचला."

"मला वाटलंच सर," ती म्हणाली. "आमच्यातल्या पंचवीस-तीस जणांना तेच आलंय. आम्ही लावून बघितलं."

"मग मला विचारायला का आलीस?"

"तुम्ही काय म्हणताय ते बघावं म्हणून."

ह्यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. गुण कळवून झाले होते. ते दुरुस्त करायला अर्ज, त्यावर सही, त्यावर दुसरी सही असे दोन आठवडे गेले. ज्या सेहेचाळीस निबंधांवर मी टक् केले होते ते सगळे पुन्हा वाचले. सगळेच काही गुऱ्हाळासारखे नव्हते हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बरेचसे कंटाळवाणे होते, आणि चौदा निबंधांना सातव्या कळीवरचे शब्द जसेच्या तसे लागू पडत होते. त्यांनाही मी ते पुन्हा टंकून दिले, शब्द बदलून. मनगटाने आठवडाभर सूड घेतला.

तिचा निबंध महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी निवडला. अंकाला टंकलेली प्रत लागते, तिच्याकडे संगणक नाही. म्हणून मीच टंकायला बसलो. सुरुवात करण्याआधी चिरंजिवांना सांगून सातव्या कळीवरचा मजकूर पुसून घेतला. तिथे काय घालू, त्याने विचारले. मी म्हणालो, 'ऱ्ह' घाल. एवढेच. मराठीत त्याचे गिऱ्हाईक फार नाही : कुऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, गिऱ्हाईक स्वतः, आणि गुऱ्हाळ.

चिरंजीव बारावी बऱ्यापैकी पास होऊन आता पुण्याला शिकायला गेले. जाताना पेटी न्यावी म्हणून मी पुढे केली, तर म्हणाला, राहू द्या, तिथे मोठी घेईन. सौ.ने ते ऐकले नाही असे मी धरून चालतो. सध्या पेटी माझ्या टेबलावर आहे. हा मजकूर तिच्यावरच लिहिला.

वार्षिक अंक ऑगस्टात छापून आला. बावीस ठिकाणी 'गुऱ्हाळ' होते आणि शेवटच्या पानावर एका ठिकाणी, मुद्रिते तपासताना माझ्या नजरेतून निसटलेले, 'गुर्हाळ'. ती अंक घ्यायला आली, तिथेच उभी राहून शेवटचे पान तिने वाचले, माझ्या टेबलावरचे पेन उचलून तेवढे अक्षर सुधारले आणि अंक पिशवीत घालून एस.टी. गाठायला निघून गेली.